नवीन पेडल्स फारच जड फिरतायत, वापरून सुटतील की उघडून बघू?

मयेचा_सायकलवाला

नमस्कार मंडळी. मी मयेहून पणजीला सायकलने कामाला जातो, चोडणवरून फेरीबोट धरायची, रायबंदरला उतरायचं आणि पुढे पाटोपर्यंत. जुनी प्लॅस्टिकची पेडल्स पावसाळ्यात पार खिळखिळी झाली म्हणून आता अ‍ॅल्युमिनियमची प्लॅटफॉर्म पेडल्स आणली, दिसायला मजबूत आहेत, पिना पण चांगल्या आहेत. पण हाताने झटका दिला तर अर्धा फेरासुद्धा फिरत नाहीत, जागच्या जागी थांबतात. डावं नुसतं जड आहे, एकसारखं. उजवं मात्र जास्तच जड, आणि सावकाश फिरवलं की बोटांना बारीक खरखर लागते, मध्येच एका जागी अडल्यासारखं होतं.

दुकानदार म्हणतो नवीन आहे, चालवून चालवून सुटेल. सुटेल का खरंच, का सुटता सुटता आतलं काही खराब होईल? बाहेरच्या टोकाला काळी टोपी आहे, ती काढली की आत एक नट दिसतो. घरी पाने आहेत पण पेडल आजवर कधी उघडलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

फोंड्याचा_रायडर

एवढं टेन्शन घेऊ नका दादा. नवीन पेडल जड असणं अगदी कॉमन आहे, आत ग्रीस घट्ट असतं आणि रबरी सील असेल तर ते पेडलच्या आतल्या दांडीला घासत राहतं. पेडलवर पायाचं वजन पडलं की तेवढा जडपणा कळतसुद्धा नाही. उलट मला तर थोडं जड पेडलच आवडतं, पाय उचलला की जसंच्या तसं राहतं, हलकं पेडल गिरकी घेऊन उलटं होतं आणि सिग्नलवरून निघताना पायाखाली शोधत बसावं लागतं. चालवा बिनधास्त.

उलटे_आटे

वर फोंड्याच्या भावाने सांगितलं ते डाव्या पेडलला शंभर टक्के लागू आहे, उजव्याला नाही. दोन्ही जड असली तरी दोघांचं दुखणं वेगळं आहे आणि ते ओळखता आलं पाहिजे. गुळगुळीत जडपणा, म्हणजे मधात चमचा फिरवल्यासारखा सगळीकडे सारखा, तो ग्रीसचा नाहीतर सीलचा, तो वापराने जातो. खरखर लागणं, एका जागी अडणं, हा जडपणा वापराने जात नाही. त्यात कोन, म्हणजे दांडीवर फिरून बसणारा निमुळता नट, जास्त आवळलेला असतो, छर्रे कोन आणि कपच्या (छर्रे बसतात त्या वाटीच्या) मध्ये चेपले जातात आणि तसंच चालवत राहिलं की कोनच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. मग ते पेडल 'सुटल्यासारखं' वाटतं खरं, पण सुटलेलं नसतं, झिजलेलं असतं, आणि थोड्याच दिवसात खुळखुळायला लागतं. म्हणून उजवं पेडल आधी उघडा, मग चालवा.

त्याआधी एक तपासा. पेडल क्रँकवरून, म्हणजे ते ज्या दांड्यावर बसतं त्यावरून, काढून हातात घ्या आणि दांडी बोटांनी फिरवा. हातात मोकळं फिरतंय आणि सायकलवर बसवलं की अडतंय असं असेल तर बेअरिंगचा दोष नाही, पेडलची आतली कड क्रँकला घासत असेल, तिथे पातळ वॉशर टाकला की काम होतं. काढताना लक्षात ठेवा, उजव्याचे आटे सरळ, डाव्याचे उलटे. दांडीवर आर आणि एल कोरलेलं असतं ते बघून घ्या. पाना बहुतेक १५चा लागतो, काहींना मागून ६ किंवा ८ची अ‍ॅलन की.

आता उघडणं. दांडीचं क्रँककडचं टोक शिकंजात धरायचं, पण आट्यांवर थेट लोखंडी जबडा नको, लाकडाच्या दोन पट्ट्या मध्ये घाला. शिकंजा नसेल तर पेडल क्रँकवरच राहू दे आणि क्रँक धरून काम करा, थोडी कसरत होते पण होतं. टोपी काढली की दिसतो तो लॉकनट, तो आत खोल असतो म्हणून साधा पाना पोचत नाही, गोटी पाना लागतो. या आतल्या नटचे आटे सहसा दोन्ही पेडलला सरळच असतात. त्याच्या खाली एक वॉशर, त्याला आतून छोटा दात असतो जो दांडीच्या खाचेत बसतो, हा दातवाला वॉशर फार महत्त्वाचा, नट आवळताना कोन सोबत फिरू नये म्हणून तो ठेवलेला असतो. त्याच्या खाली कोन.

नुसतं अ‍ॅडजस्ट करायचं असेल तर लॉकनट सैल करा, पातळ स्क्रू ड्रायव्हरने कोन अगदी थोडा, फेऱ्याचा आठवा भाग म्हणा, मागे घ्या आणि लॉकनट परत आवळा. इथेच बरेच जण फसतात. लॉकनट आवळला की तो कोनला अजून आत दाबतो, त्यामुळे नट आवळायच्या आधी पेडलमध्ये किंचित खेळ, म्हणजे ढिलाई, असायलाच हवा, नाममात्र, तो नट आवळल्यावर नाहीसा झाला पाहिजे. तेव्हाच परफेक्ट सेट झालं असं समजा. एका झटक्यात जमेलच असं नाही, सैल करा, परत बघा, धीर धरा.

कोन पूर्ण काढणार असाल तर खाली परात आणि परातीत फडकं, नाहीतर छर्रे घरभर. दोन्ही टोकांना छर्ऱ्यांची एकेक ओळ असते, बाहेरचे आणि क्रँककडचे वेगवेगळे ठेवा आणि प्रत्येक बाजूचे मोजून ठेवा.

अजून एक, हे कमी लोकांना माहीत असतं. बेअरिंग अगदीच जाम झालं तर पायाचा जोर थेट दांडीवर येतो आणि तो दांडीला क्रँकमधून सुटायच्या दिशेनेच फिरवतो. म्हणून जाम पेडलवर लांब जाणं धोक्याचं. परत बसवताना क्रँकच्या आट्यांना ग्रीस लावा, सुरुवात हातानेच करा आणि शेवटी नीट आवळा, शिमानो कंपनी आपल्या पेडलसाठी ३५ ते ५५ न्यूटन मीटर सांगते, म्हणजे बऱ्यापैकी जोर.

खारा_वारा_कोलवा

वरचं सगळं बरोबर, मी फक्त आपल्या हवेचं बोलते. इथे समुद्राकडे खारा वारा आणि पावसात लाल माती, या दोन गोष्टी पेडलला सगळ्यात जास्त खातात, कारण पेडल जमिनीच्या जवळ असतं आणि पुढच्या चाकाचं चिखलपाणी थेट त्याच्यावर उडतं. दादा तुम्ही तर रोज नदी ओलांडता. उघडताय तर नुसतं अ‍ॅडजस्ट करून बंद करू नका, जुनं ग्रीस पुसून नवीन भरा, स्वस्त पेडलमध्ये कारखान्यातून ग्रीस नावाला घातलेलं असतं. पाण्याला टिकणारं मरीन ग्रीस घ्या, मालीमच्या जेटीवर ट्रॉलरवाले काय वापरतात ते विचारा, बोटीला चालतं ते सायकलला चालतंच.

आणि कृपा करून जड लागतंय म्हणून टोपी काढून आत स्प्रे मारू नका. पातळ तेलाने ग्रीस धुऊन जातं, पेडल लगेच हलकं फिरतं, माणूस खूष, आणि पुढच्या पावसात आत गंज.

मयेचा_सायकलवाला

देव बरें करूं सगळ्यांना! रविवारी अंगणात बसून उघडलं. उजव्यात बाहेरच्या बाजूला ग्रीस जवळजवळ नव्हतंच, छर्रे कोरडे, आणि कोन इतका आवळलेला की स्क्रू ड्रायव्हरने हलेना. कोनवर खड्डे नाहीत, फक्त एक चकचकीत रेघ उमटलीय. पुसून ग्रीस भरलं, उलटे_आटे यांनी सांगितलं तसं थोडा खेळ ठेवून नट आवळला, आता मऊ फिरतंय, खरखर गेली. डावं तसंच ठेवलंय.

एक शंका राहिली, माझ्या भावाकडे शिमानोची क्लिपवाली, म्हणजे बुटाला अडकणारी, पेडल्स आहेत, त्यांना बाहेर टोपीच नाही. ती पण अशीच उघडतात का?

उलटे_आटे

चकचकीत रेघ म्हणजे छर्ऱ्यांचा माग, खड्डा नाही तोवर चिंता नाही. वेळेत उघडलंत.

शिमानोच्या बहुतेक क्लिप पेडल्सची दांडी आतून, म्हणजे क्रँकच्या बाजूने, अख्खी बाहेर येते. काहींना तिथे खाचांची प्लॅस्टिकची कॉलर असते, तिला शिमानोचंच छोटं टूल लागतं, पक्कड लावली तर कॉलरच्या खाचा गेल्याच म्हणून समजा. तिचे आटे आपल्या अंदाजाच्या उलट आहेत, उजव्या पेडलच्या कॉलरचे उलटे आणि डाव्याचे सरळ, त्यामुळे टूलवर बाण असतो तो बघूनच फिरवायला सांगा. आतले छर्रे फार बारीक असतात. पेडल चांगलं फिरत असेल तर ते सुटे करायची गरज नाही, दांडी बाहेर काढायची, पेडलच्या पोकळीत नवीन ग्रीस भरायचं आणि दांडी परत आत आवळायची, जुनं काळं ग्रीस आपोआप कडेने बाहेर ढकललं जातं. पावसाळा संपला की एकदा करा म्हणावं.

फोंड्याचा_रायडर

डाव्याची पण टोपी एकदा काढून बघा हो दादा. एका डब्यातली जोडी आहे, एकात ग्रीस नव्हतं तर दुसऱ्यात असेल याची काय खात्री? उजव्याची खरखर मी हलक्यात घेतली होती, पण उलटे_आटे यांचं पटलं.