पीएस२ : पेनड्राइव्हवर सगळं टाकलंय, पण मास फोल्डर रिकामा

प्रश्न: दादाचा जुना पीएस२ स्लिम (प्लेस्टेशन २ हा गेम कन्सोल, पातळ मॉडेल) माळ्यावरून काढला. डिस्क वाचणारी लेन्स बऱ्यापैकी चालते. फ्रीडीव्हीडीबूटची (डिस्कवरून बाहेरचे प्रोग्राम चालू करणारी युक्ती) डीव्हीडी-आर जाळली, यूलाँचएल्फ (फाइली बघायचा-हलवायचा प्रोग्राम) उघडलं. पण त्यातला ‘mass’ (मास), म्हणजे पेनड्राइव्हचा फोल्डर, उघडला की आत काहीच नाही! ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह आहे, फ्री मॅकबूटचा (मेमरी कार्डवर बसणारा, असे प्रोग्राम डिस्कशिवाय चालू करणारा प्रोग्राम) इन्स्टॉलर त्यातच आहे. मेमरी कार्डवर दादाचे २००७ पासूनचे गेमचे सेव्ह आहेत, ते गेले तर मला फार वाईट वाटेल.

उत्तर १: ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटचा असणार, पीएस२ला इथे फॅट३२ फॉरमॅट लागतो. विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी ३२ जीबीच्या वर सहसा फॅट३२चा पर्यायच दाखवत नाही. घरात जुना ८ किंवा १६चा असेल तर तो फॅट३२ करून लावा.

उत्तर २: इन्स्टॉल करण्याआधी सेव्ह वाचवा, घाई नको. यूलाँचएल्फमध्ये मेमरी कार्डात जाऊन फोल्डरवर आर१ दाबा, कॉपी करा, मग पेनड्राइव्हवर साधं पेस्ट न करता ‘पीएसयू पेस्ट’ घ्या. त्याने फोल्डरची सगळी माहिती एका फाइलीत राहते. आणि मॉडेल नंबर ९०००० मालिकेतला असेल तर थांबा, त्यातल्या बहुतेकांवर फ्री मॅकबूट चालत नाही.

प्रश्नकर्ता: माझा मॉडेल ७७००० आहे. ८ जीबीवाला लावला, लगेच दिसलं! सेव्ह आधी उतरवले, मग नॉर्मल इन्स्टॉल केलं. पोर्ट यूएसबी १.१ म्हणून कॉपीला वेळ लागला, पण एकही सेव्ह गेला नाही. दादाला आत्ताच फोटो पाठवला. मनापासून आभार.