इंग्रजीत वैताग नेमका कसा सांगायचा? (ऑफिस कॉल आणि ईमेल)

मेघना_के
कामानिमित्त मँचेस्टर आणि शिकागो अशा दोन्हीकडच्या टीमशी रोज कॉल असतात. वैताग सांगायची वेळ आली की ‘ॲनॉइड’ आणि ‘फ्रस्ट्रेटेड’ यापलीकडे गाडी जात नाही. वाक्प्रचारांच्या याद्या ढीगभर मिळतात, पण कोणता किती तिखट, कोणता साहेबासमोर चालत नाही, हे त्यात नसतं. ‘डोक्यात जातं’, ‘हात टेकले’, ‘डोक्यावरून पाणी गेलं’ या तिन्हींत जसा फरक आहे, तसा इंग्रजीतला हवाय. ईमेलमध्ये काय चालेल तेही सांगा.

शब्दार्थी
आधी चीड आणि हतबलता वेगळ्या करा, निम्मं काम तिथेच होतं.

कुणाची सवय रोज थोडी थोडी टोचते, तेव्हा ‘इट गेट्स ऑन माय नर्व्ज’. हे तुमचं ‘डोक्यात जातं’. नर्व्ज कायम अनेकवचनी. तोच त्रास थांबतच नाही आणि वेड लागायची पाळी येते, तेव्हा ‘इट्स ड्रायव्हिंग मी अप द वॉल’. इथे कोणाला वेड लागतंय ते (मी, हर, अस) मध्ये यायलाच हवं.

‘हात टेकले’साठी ‘आय ॲम ॲट माय विट्स एंड’. यात राग नाही, उपाय संपलेत एवढंच आहे. समोरच्यावर आरोप होत नाही, म्हणून मदत मागताना मला हाच सगळ्यात उपयोगी वाटतो: ‘आय ॲम ॲट माय विट्स एंड विथ धिस सर्व्हर.’ पण सर्व्हर ठीक आहे आणि समोरचा ऐकूनच घेत नाहीये, असं असेल तर ‘इट्स लाइक बँगिंग माय हेड अगेन्स्ट अ ब्रिक वॉल’. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतो त्याच्या जवळचं.

‘डोक्यावरून पाणी गेलं’ म्हणजे ‘दॅट वॉज द लास्ट स्ट्रॉ’. ओझ्याने वाकलेल्या उंटावर ठेवलेली शेवटची काडी. याच्या मागोमाग कृती येते: राजीनामा, लेखी तक्रार, करार मोडणं. दर आठवड्याला वापरलात तर कुणी मनावर घेणार नाही.

अनुस्वार
वाक्प्रचार बरोबर असूनही वाक्य बिघडतं ते दोन ठिकाणी.

मराठीत आपण ‘मला जाम इरिटेट होतंय’ म्हणतो, त्यामुळे तोंडात पटकन येतं ‘आय ॲम व्हेरी इरिटेटिंग’. याचा अर्थ मीच लोकांना वैताग देते! त्रास देणाऱ्याला ‘इंग’, त्रास होणाऱ्याला ‘एड’: ‘द डिले इज इरिटेटिंग, आय ॲम इरिटेटेड.’ ‘फ्रस्ट्रेटिंग’, ‘ॲनॉइंग’, ‘बोअरिंग’ सगळ्यांचं तसंच.

दुसरं, पुढचा छोटा शब्द. ‘फेड अप फ्रॉम’ आणि ‘फेड अप बाय’ दोन्ही चूक. ‘फेड अप विथ’ म्हणा. ब्रिटनमध्ये बोलताना ‘फेड अप ऑफ’ ऐकू येतं, लिहिताना टाळा. नंतर क्रियापद आलं तर ‘फेड अप विथ वेटिंग’, ‘टू वेट’ नाही. ‘सिक अँड टायर्ड’च्या मागे मात्र ‘ऑफ’ लागतो. तिथे ‘ऑफ’ गाळून नुसतं ‘आय ॲम सिक’ म्हटलंत तर लोक तब्येत विचारतील. माणसावर चिडलात तर ‘ॲनॉइड विथ हिम’, गोष्टीवर चिडलात तर ‘ॲनॉइड अबाउट द डिले’.

टेम्सकाठ
दोन्ही देशांशी बोलताय म्हणून हे नीट बघून ठेवा. ‘पिस्ड’ म्हणजे अमेरिकेत संतापलेला, ब्रिटनमध्ये दारू प्यायलेला. ‘पिस्ड ऑफ’ दोन्हीकडे संतापलेलाच, पण शब्द असभ्य, कॉलवर नको. ‘टिक्ड ऑफ’ अमेरिकेत चिडलेला, तर ब्रिटनमध्ये ‘शी टिक्ड मी ऑफ’ म्हणजे तिने मला झापलं. सहनशक्ती संपली हे सांगायला शिकागोला ‘एंड ऑफ माय रोप’, मँचेस्टरला ‘एंड ऑफ माय टेदर’. टेदर म्हणजे जनावराचं दावं: चरत चरत ते ताणलं गेलं की पुढे जाता येत नाही.

‘ही इज वाइंडिंग मी अप’ हे ब्रिटिश. उच्चार वाइंड, घड्याळाला चावी देतात तो. विंड म्हटलंत तर वारा होईल. याचे दोन अर्थ: तो मला चीड आणतोय किंवा तो माझी फिरकी घेतोय. आणि ‘लेट्स वाइंड अप’ म्हणजे फक्त आवरतं घेऊया.

मँचेस्टरकर शब्द सौम्य वापरतात हेही ध्यानात ठेवा. त्यांच्या तोंडून ‘इट्स अ बिट फ्रस्ट्रेटिंग’ किंवा ‘दॅट्स नॉट आयडियल’ आलं तर प्रकरण गंभीर असू शकतं.

मेघना_के
सगळ्यांचे आभार. ‘डोकं नको खाऊस’ला ‘डोन्ट ईट माय हेड’ चालेल का?

टेम्सकाठ
भारतात सगळ्यांना कळतं, तिकडे नाही. मँचेस्टरला ‘यू आर डूइंग माय हेड इन’ म्हणतात, तेही मित्रांत. शिकागोला साधं ‘यू आर ड्रायव्हिंग मी क्रेझी’.

शब्दार्थी
ईमेलचं राहिलं होतं. वर दिलेलं काहीही ईमेलमध्ये घालू नका. आवाजातला सूर कागदावर उतरत नाही आणि ते पत्र पुढे कोणाकडे जाईल याचा नेम नाही. रागाच्या जागी तारीख आणि परिणाम लिहा: ‘धिस इज द थर्ड टाइम द फाइल हॅज कम लेट. वुई कॅनॉट स्टार्ट टेस्टिंग विदाउट इट. कुड यू सेंड इट बाय थर्सडे?’ किती वेळा झालं, त्याने काय अडलं आणि काय हवंय, एवढ्यात समोरच्याला तुमचा वैताग पुरेपूर कळतो. नाराजी नोंदवायचीच असेल तर ‘आय ॲम कन्सर्न्ड दॅट’ सौम्य, ‘आय ॲम डिसअपॉइंटेड दॅट’ त्याहून कडक. ‘ॲज पर माय लास्ट ईमेल’ जपून: आपल्याला तो नुसता संदर्भ वाटतो, त्यांना पुष्कळदा ‘वाचता येत नाही का’ असं ऐकू येतं. त्याऐवजी जुना मजकूर खाली पुन्हा चिकटवा आणि ‘कॉपीइंग द डिटेल्स बिलो फॉर ईझ’ लिहा.

अनुस्वार
व्हिडिओ कॉलसाठी एक भर. ‘आय हॅव हॅड इट अप टू हिअर’ म्हणताना ‘हिअर’वर जोर देऊन आडवा तळहात हनुवटीशी किंवा कपाळाशी नेतात. कॅमेरा बंद असेल तर ‘हिअर’ म्हणजे कुठे ते दिसत नाही. तेव्हा ‘आय हॅव हॅड इनफ’ म्हणा. पण हे दोन्ही बरोबरीच्या सहकाऱ्यांतच. क्लायंटसमोर ‘विट्स एंड’च्या पुढे जाऊ नका.