ओलेड मॉनिटर: आता घ्यावा, की अजून थांबावं?

निशाचर (धागाकर्ता)

ओलेड म्हणजे प्रत्येक ठिपका (पिक्सेल) स्वतःच उजळणारा पडदा. "ओलेड टीव्हीला ठीक, संगणकाला नको" हे ऐकून ऐकून कान किटले. २०२२ साली ते खरं होतं. त्या वर्षी एलियनवेअरचा ३४ इंची क्यूडी-ओलेड (सॅमसंगचा, क्वांटम डॉटवाला प्रकार) आला, १७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १७५ चित्रं दाखवणारा. चित्र अप्रतिम, पण अक्षरांच्या कडांना हिरवी-गुलाबी झाक. मग २०२४ मध्ये ३२ इंची ४के २४० हर्ट्झवाले आले आणि २०२५ मध्ये २७ इंचात ४के. म्हणजे इंचाला १६६ पिक्सेल. एवढ्या दाटीत ती झाक दिसायला पडद्याला नाक लावावं लागतं.

बाकी फायदे सांगायला नकोत, तरी सांगतो. साध्या आयपीएसचा (मागून दिवा लागणाऱ्या नेहमीच्या एलसीडीचा) कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, हजारास एक, फार तर दोन-तीन हजार. ओलेडचा पिक्सेल स्वतःच विझतो, त्यामुळे काळा म्हणजे काळाच. अंधाऱ्या दृश्यात कोपऱ्यातून झिरपणारा राखाडी उजेड नाही. आणि वेग! २४० हर्ट्झला एक फ्रेम जेमतेम ४.२ मिलिसेकंद टिकते. एलसीडीतल्या स्फटिकांना वळायलाच कधीकधी तेवढा वेळ लागतो, म्हणजे आधीचं चित्र पुरतं पुसलं जायच्या आत पुढचं हजर. ओलेडला ही अडचणच नाही.

माझं मत: मॉनिटर बदलायचाच असेल, तर आता आयपीएस घेण्यात अर्थ नाही.

हिशेबी

असहमत. तुम्ही सांगितलेलं सगळं गेम आणि सिनेमाचं आहे. ज्याच्यासमोर दिवसभर एक्सेल आणि पीडीएफ उघडं असतं, त्याला काळा किती काळा याचं काय करायचं?

खोक्यावर १००० निट्स (उजेडाचं माप) लिहिलेलं असतं, ते पडद्याच्या चिमूटभर भागापुरतं. पूर्ण पांढरा पडदा केला की बऱ्याच क्यूडी-ओलेडचा उजेड २५० निट्सच्या आसपास येतो. काही मॉनिटरांवर तर छोट्या खिडकीतली शीट मोठी केली की पांढरा रंग डोळ्यांदेखत मळतो, लहान केली की परत उजळतो. दिवसातून शंभरदा हा खेळ कुणी बघायचा?

आणि बर्न-इन, म्हणजे सतत एकाच जागी असलेल्या चित्राचा कायमचा डाग. टास्कबार रोज त्याच जागी, एक्सेलची रिबन त्याच जागी. बर्न-इनची वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते. आमच्याकडे मॉनिटर आठ-आठ वर्षं चालतात. अक्षरं धारदार हवीत तर २७ इंची ४के आयपीएस आहेच की, कितीतरी स्वस्तात.

निशाचर

घरात २५० निट्स कमी पडतात? रात्री तर बहुतेक जण त्याच्या निम्म्यावरच ठेवतात. उजेड कमी-जास्त होण्यावर अनेक मॉनिटरांत एकसारख्या ब्राइटनेसची सोय असते, ती चालू करायची. टास्कबार लपवा, डार्क थीम लावा, पडदा लवकर झोपेल असं बघा. पिक्सेल थोडे थोडे सरकवण्याचं काम मॉनिटर स्वतःच करतो.

हिशेबी

टास्कबार लपवा, थीम बदला, काही तासांनी पॅनेल रिफ्रेशची (पडद्याच्या देखभालीची) सूचना आली की हातातलं काम सोडून उठा. मॉनिटर माझ्यासाठी आणलाय की मी त्याच्यासाठी?

पिक्सेलशोधक

दोघंही "ओलेड" म्हणताय, पण कुठलं पॅनेल ते कुणीच बोलत नाही. घोडं तिथेच अडतंय.

आधी बर्न-इन. चित्र पडद्यावर "छापलं" जात नाही. काही पिक्सेल इतरांपेक्षा जास्त झिजतात आणि तो फरक डोळ्यांना दिसतो. रिफ्रेश ही झीज भरून काढत नाही, झिजलेल्यांना जास्त वीज देऊन सगळे एका पातळीवर आणतो. सगळ्यात आधी निळा झिजतो. लाल-हिरव्यासाठी फॉस्फोरेसंट (ऊर्जा कमी वाया घालवणारे) पदार्थ केव्हाच आले. निळा मात्र बाजारातल्या मॉनिटरांत अजून मुख्यतः फ्लोरेसंट आहे आणि त्यात बरीचशी ऊर्जा उजेड न होता वाया जाते. म्हणून एकावर एक थर रचायची युक्ती, टँडम. तेवढ्याच उजेडासाठी प्रत्येक थराला कमी ताण. २०२४ च्या आयपॅड प्रोत दोन थर होते, एलजी डिस्प्लेने २०२५ मध्ये चार थरांचं पॅनेल आणलं.

आता अक्षरं. विंडोजचं क्लिअरटाइप (अक्षरं रेखीव करणारी सोय) गृहीत धरतं की प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा अशा उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी आहेत. क्यूडी-ओलेडमध्ये त्यांची मांडणी त्रिकोणी, डब्ल्यूओलेडमध्ये (एलजीचा प्रकार) मधे चौथा पांढरा घुसलेला. त्यामुळे "l" किंवा "।" सारख्या उभ्या रेषेच्या एका कडेला एक रंग, दुसऱ्या कडेला दुसरा. २०२६ च्या सुरुवातीला एलजी आणि सॅमसंग दोघांनीही सरळ उभ्या पट्ट्यांची पॅनेलं दाखवली. दिवसभर मजकूर वाचणाऱ्याने थांबायचं असेल तर ते यांच्यासाठी थांबावं.

उजेडवाला

एक गोष्ट सगळेच विसरतात. क्यूडी-ओलेडमध्ये पोलरायझर (बाहेरचा उजेड गिळणारा थर) नसतो. समोर खिडकी किंवा डोक्यावर दिवा असेल तर काळा रंग करडा-जांभळट दिसतो. ज्याच्यासाठी एवढे पैसे मोजले तोच गायब! अशा खोलीत डब्ल्यूओलेड तरी घ्या, नाहीतर सरळ मिनी-एलईडी (मागे छोटे छोटे दिवे असलेला एलसीडी). त्यात काळ्यावर पांढरा कर्सर फिरवला की भोवती प्रभा दिसते, पण भर दुपारी पडदा दिसतो तरी.

हिशेबी

उजेडवाला, +१. आणि गेमवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. व्हीआरआर (सेकंदाला जितक्या फ्रेम येतील तसा पडद्याचा वेग बदलणारी सोय) चालू असताना फ्रेमरेट वरखाली झाला की गडद राखाडी छटा लुकलुकतात, ओलेडचा हा जुना रोग आहे. आणखी एक: ६० हर्ट्झवर ओलेड लावला तर हलतं चित्र बऱ्यापैकी धूसरच राहतं, कारण प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद तशीच धरून ठेवली जाते. वेगाचं कौतुक खरं करायचं तर ग्राफिक्स कार्डही तगडं हवं. तो खर्च धाग्यात कुठे दिसला नाही.

निशाचर

लुकलुकण्याचं मान्य, लोडिंगच्या पडद्यांवर हमखास दिसतं. फ्रेमरेटला मर्यादा घातली की बरंच कमी होतं. पण कार्डाचा खर्च ओलेडच्या माथी का? २४० हर्ट्झचा आयपीएस घेतलात तरी तेच कार्ड लागणार.

रात्रपाळी

मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत. कोड आणि मेल आयपीएसवर, फोटोंचं काम आणि गेम ओलेडवर. फोटोत सावलीतला तपशील, म्हणजे काळ्या कोटाची वीण वगैरे, आयपीएसवर बघून ठरवायला आता हात धजत नाही.

हिशेबी

म्हणजे ओलेड जपायला शेजारी दुसरा मॉनिटर हवा. हे आधी सांगितलं असतंत तर एवढं टंकावं लागलं नसतं.

निशाचर

दुसरा विकत कशाला घ्यायचा? जो बदलायला निघालो तोच. एक्सेल त्याच्यावर टाका.