'आंट जेमायमा'ची मुक्ती की सुटका? आणि 'आंट'चं काय करायचं?

प्रश्न
कोलाजवरच्या एका व्याख्यानासाठी कलाकृतींची नावं मराठीत आणते आहे. बेटी सार या कृष्णवर्णीय अमेरिकी कलावतीच्या १९७२च्या 'द लिबरेशन ऑफ आंट जेमायमा'पाशी अडले. छोटीशीच पेटी आहे. मागच्या भिंतीवर आंट जेमायमाचा, म्हणजे पॅनकेकच्या पिठाच्या जाहिरातीतल्या काळ्या बाईचा, हसरा चेहरा ओळीने चिकटवलेला. पुढे 'मॅमी'ची बाहुली, म्हणजे गोऱ्यांच्या घरी आनंदाने राबणारी काळी बाई, अशा ठरीव साच्यातली. तिच्या एका हातात झाडू, दुसऱ्या हातात बंदूक. पायाशी कापूस. 'मुक्ती' लिहिलं की मोक्ष आठवतो. 'सुटका' चालेल?

उत्तर
'सुटका' नको. सुटका बहुधा दुसरा कोणी करतो, आणि 'सुटली एकदाची' आपण गेलेल्या माणसाबद्दलही म्हणतो. 'मुक्तता' कोर्टातली. मला 'मुक्ती'च योग्य वाटते. स्त्रीमुक्ती, मराठवाडा मुक्तिसंग्राम हे शब्द आठवून पाहा, तिथे मोक्ष कुठे आहे? तिथे लढा आहे, आणि या बाईच्या हातात बंदूक आहे.

शिवाय सालं बघा. तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली संपली. आंट जेमायमा हे नाव बाजारात आलं १८८९ साली. म्हणजे कायद्याने माणसं मोकळी झाल्यावरही त्यांची प्रतिमा राबतच राहिली. सार तिला त्या पिठाच्या डब्यावरून मोकळी करतात. ज्या चित्राने अपमान केला तेच कापून, चिकटवून त्याच्याशी लढायचं, ही कोलाजची खरी ताकद आहे.

आणखी एक
मुक्तीबद्दल सहमत. पण 'आंट' तसंच ठेवू नका. काळ्या स्त्रीला 'मिसेस' म्हणायचं नाही म्हणून गोरे लोक तिला 'आंट' म्हणत. नातं जोडल्यासारखं दाखवायचं आणि मान नाकारायचा. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना आपण 'मावशी' म्हणतो, कित्येक वर्षं आडनाव न विचारता. माझ्या आईनेही तेच केलं, मीही केलं. दोन्हीकडचा इतिहास एक नाही, हे मान्य. तरी 'जेमायमा मावशीची मुक्ती' वाचताना मराठी माणूस थबकेल, आणि त्याने थबकावंच.

प्रश्न विचारणारी
'मावशी' वाचून खरंच थबकले. तेच घेते. एक राहिलं: माहितीत 'गुलाम' लिहू की 'दास'?

उत्तर
'गुलाम'. 'दास' भक्तही असतो, रामदास, तुलसीदास. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' हेच नाव दिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं. मूळ अरबीत 'गुलाम' म्हणजे मुलगा, पोरगा. अमेरिकेतही वयस्क काळ्या पुरुषाला 'बॉय' म्हणूनच हाक मारत. जमलं तर 'गुलाम केलेली माणसं' असं लिहा. नुसतं 'गुलाम' म्हटलं की ते जन्मतःच तसे होते असं वाटतं.