फक्त ब्राउझर उघडून कोणतं काम सुटलं? तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात माझा लॅपटॉप बंद पडला आणि आठ दिवस भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर काम करायची वेळ आली. त्यावर माझं एकही सॉफ्टवेअर नव्हतं, आणि मशीन त्याचं असल्यामुळे नवीन काही टाकायचंही नव्हतं. पहिल्या दिवशी हातपाय गाळून बसले होते पण नंतर लक्षात आलं की ब्राउझर उघडला की माझं जवळजवळ सगळंच काम होतंय. म्हणून हा धागा. नुसती यादी नको, याद्या शोधल्या की ढिगाने मिळतात. तुमचं नेमकं काय अडलं होतं, कशाने सुटलं आणि कुठे जपून वागायला लागतं, ते लिहा.

सुरुवात मी करते. माझं काम डिझाइनचं, क्लायंटकडून पीएसडी फाइल येते आणि ती उघडायला फोटोशॉप लागतं हे डोक्यात पक्कं बसलेलं. भावाच्या मशीनवर फोटोपिआ उघडलं, फाइल ओढून त्यात टाकली आणि सगळे लेयर जसेच्या तसे समोर! मास्क, टेक्स्ट, ब्लेंडिंग, सगळं. इव्हान कुत्स्किर नावाच्या एका माणसाने हे बनवलंय, २०१३ पासून ऑनलाइन आहे, आणि तो बराच काळ एकट्यानेच ते सांभाळत आलाय हे कळल्यावर तर मला त्याच्याबद्दल प्रचंड आदर वाटला. फुकट वापरलं तर बाजूला जाहिराती दिसतात, बास. महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुमची फाइल त्यांच्या सर्व्हरवर जात नाही, सगळं तुमच्याच मशीनवर ब्राउझरच्या आत चालतं, त्यामुळे क्लायंटची फाइल असली तरी जिवाला घोर नाही. फक्त टेक्स्टचा फाँट तुमच्याकडे नसेल तर अक्षरं बदललेली दिसतात, तो फाँट आधी लोड करून घ्या.

आता तुम्ही लिहा.

*

माझा अनुभव वेगळा आहे, जरा लांबेल.

माझे बाबा सायकलवरून खूप फिरायचे आणि प्रत्येक प्रवासाचं वर्णन स्वतःच्या वेबसाइटवर लिहायचे. कुठल्याशा फुकट होस्टिंगवर ती साइट होती. बाबा गेले त्यानंतर काही वर्षांनी मला ते सगळं वाचावंसं वाटलं तर साइटच नाही, होस्टिंग देणाऱ्यांनी ती सेवाच गुंडाळून टाकलेली. घरात प्रिंट नाही, बाबांचा कॉम्प्युटर कधीच भंगारात गेलेला. मला त्या दिवशी बाबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

ऑफिसातल्या एका मुलीने सांगितलं वेबॅक मशीनमध्ये बघ. इंटरनेट आर्काइव्ह नावाची ना-नफा संस्था आहे, ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली, ती तेव्हापासून जगभरातल्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवते आणि २००१ पासून त्या सगळ्यांना बघायला खुल्या आहेत. तिथे बाबांच्या साइटचा पत्ता टाकला. (पत्ता मला पाठ नव्हता, त्यांच्या एका जुन्या ईमेलखाली सहीत सापडला.) मग वर्षांची पट्टी आणि खाली कॅलेंडर आलं, त्यात काही तारखांवर निळे गोल. निळा गोल म्हणजे त्या दिवशीची प्रत आहे. पहिला गोल दाबला आणि बाबांचं होमपेज उघडलं, तोच पिवळा रंग, तेच हलणारं सायकलचं चित्र.

सगळं नाही मिळालं. साधारण निम्मी पानं मिळाली, फोटो बहुतेक गेलेच. एका तारखेच्या प्रतीत पान नसलं तर दुसऱ्या वर्षाच्या प्रतीत सापडायचं, त्यामुळे एकदा नाही मिळालं म्हणून सोडू नका, सगळे गोल उघडून बघा. तीन रविवार बसून मी एकेक पान कॉपी करून घेतलं. आता ते सगळं आईकडे छापून ठेवलंय.

तिथेच ‘सेव्ह पेज नाऊ’ म्हणून सोय आहे, कुठल्याही उघड्या पानाचा पत्ता टाकला की त्याची आजची प्रत जपली जाते. तुमच्या घरातलं कोणी कुठे लिहीत असेल तर त्यांची पानं आजच टाका तिथे.

*

वरचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी आत्ताच माझ्या मावशीची पानं सेव्ह केली.

*

मी पासवर्डबद्दल लिहितो कारण त्यात मी चांगलाच पोळलोय. सगळीकडे एकच पासवर्ड वापरायचो, शेवटचा आकडा तेवढा बदलून. एका खरेदीच्या साइटवरून माझी माहिती फुटली आणि तोच पासवर्ड वापरून कोणीतरी माझ्या ईमेलमध्ये शिरलं. दोन दिवस झोप नव्हती.

तेव्हा ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही साइट कळली. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षा तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेली. ईमेल टाकला की तो आजवर कुठल्या कुठल्या गळतीत सापडलाय, कधी, आणि सोबत काय काय फुटलं, पासवर्ड की फोन नंबर की पत्ता, हे सांगते. माझा चार ठिकाणी निघाला, त्यातल्या दोन साइट्सवर खातं काढल्याचं मला आठवतही नव्हतं.

तिथे पासवर्डही तपासता येतो. लोक म्हणतात की अरे पासवर्डच दिला तर मग राहिलं काय, मलाही तेच वाटलं होतं म्हणून नीट वाचलं. तुमच्या पासवर्डचा तुमच्याच ब्राउझरमध्ये एक हॅश बनतो, म्हणजे त्याच्यापासून तयार झालेली लांबलचक खूण, आणि त्या खुणेची फक्त पहिली ५ अक्षरं तिकडे जातात. तिकडून त्या ५ अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो खुणांची यादी येते आणि जुळणी पुन्हा तुमच्याकडेच होते. म्हणजे तिकडे तुमचा पासवर्ड कळतच नाही. मला हे फार आवडलं, इतकी साधी आणि सुंदर युक्ती.

मग बिटवॉर्डन हे पासवर्ड जपून ठेवणारं अ‍ॅप घेतलं, सगळे पासवर्ड बदलायला पंधरा दिवस गेले, रोज पाच-सहा असे केले. आता मला ते उघडायचा एकच लक्षात ठेवायचाय. पण तो एक विसरलात तर कंपनीही काढून देऊ शकत नाही हे आधीच समजून घ्या, मी तो कागदावर लिहून कपाटात ठेवलाय आणि बायकोला सांगितलंय.

*

फोटो लहान करायला स्क्वूश वापरा. फॉर्म भरताना ‘फोटो ५० केबीच्या आत हवा’ असं आलं की माझा नेहमी घोटाळा व्हायचा. यात मधली रेघ सरकवून डावीकडे मूळ आणि उजवीकडे लहान केलेला असं एकाच वेळी बघता येतं, किती केबी झाले ते खाली दिसतं. हेही ब्राउझरच्या आतच चालतं.

*

स्क्वूशवरून आठवलं, एक कळकळीने सांगते. पीडीएफ जोडा, पीडीएफ लहान करा अशा शेकडो साइट्स आहेत आणि आपण घाईघाईत ओळखपत्र, बँकेचे कागद, मेडिकल रिपोर्ट असं सगळं तिथे टाकून मोकळे होतो. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला होते तेव्हा रोज हे बघायचे, पेशंटचे रिपोर्ट कुठल्याही अनोळखी साइटवर टाकून जोडले जायचे आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दोन प्रकारच्या साइट्स असतात. एक, जिथे फाइल तुमच्या मशीनवरून त्यांच्याकडे जाते, तिकडे काम होतं आणि परत येते. दुसऱ्या, जिथे फक्त पान लोड होतं आणि पुढचं सगळं तुमच्या मशीनवर. दोन्ही दिसायला अगदी सारख्या. मला माझ्या भाच्याने एक सोपी परीक्षा शिकवली. साइट पूर्ण उघडू द्या, मग वायफाय बंद करा, आणि मग एखादी बिनमहत्त्वाची फाइल टाकून बघा. काम झालं तर ती तुमच्याच मशीनवर चालते. अडकलं तर फाइल बहुधा बाहेर जाते, मग तिथे खासगी काही टाकू नका. बाहेर जाणाऱ्या सगळ्याच वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण कागद कोणाचा आहे ते बघून ठरवा. दुसऱ्याचा असेल तर त्याला विचारा.

*

मी व्हीलचेअर वापरते. बाहेर जायचं म्हटलं की माझा पहिला प्रश्न कायम एकच, दारात पायऱ्या आहेत का. फोन करून विचारलं तर ‘नाही नाही, एकच पायरी आहे’ असं उत्तर येतं, आणि ती एकच पायरी माझ्यासाठी भिंत असते.

व्हीलमॅप नावाचा नकाशा आहे, बर्लिनच्या एका संस्थेने २०१० मध्ये सुरू केला, त्यात जागा सिग्नलसारख्या रंगांत दिसतात. हिरवी म्हणजे व्हीलचेअर पूर्ण जाते, पिवळी म्हणजे थोडीफार, लाल म्हणजे नाही, आणि करडी म्हणजे अजून कोणी नोंदच केलेली नाही. मी पहिल्यांदा माझा भाग उघडला तर सगळं करडं! खूप वाईट वाटलं. पण मग कळलं की हे रंग आपणच भरायचे असतात. खालचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे, स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये सुरू केलेला, जगभरातले लोक मिळून तो बनवतात, विकिपीडियासारखा. मी नोंदवलेली माहिती त्याच नकाशात जाते, म्हणजे तो वापरणाऱ्या बाकीच्यांनाही मिळू शकते.

आता मी जिथे जाते तिथलं दार, रॅम्प, टॉयलेटचं दार किती रुंद आहे हे बघते आणि घरी येऊन भरते. दीड वर्षात माझ्या भागातल्या ६० च्या वर जागा रंगल्या. त्यातल्या वीसेक मी नाही, दुसऱ्या कोणीतरी भरल्यात. कोण आहे माहीत नाही, पण तो किंवा ती पण दार बघत हिंडतेय हे कळल्यापासून मला एकटं वाटत नाही. तुम्ही चालणारे असाल तरी प्लीज भरा, एका जागेला अर्धं मिनिट लागतं.

*

निवृत्त गणित शिक्षक आहे, टायपिंग हळू आहे तेव्हा सांभाळून घ्या. नात दूर राहते, तिला व्हिडिओ कॉलवर शिकवतो. वर्गसमीकरणाचा आलेख तिच्या काही केल्या डोक्यात शिरेना. फळ्यावर मी तीस वर्षं एकेक बिंदू काढून वक्ररेषा जोडून दाखवली पण कॉलवर ते जमेना. मग जिओजेब्रा हे आलेख काढायचं साधन सापडलं. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात विद्यार्थी असताना त्याची सुरुवात केली होती. त्यात य बरोबर अ गुणिले क्ष वर्ग असं लिहिलं आणि अ साठी स्लायडर ठेवला. नातीला म्हटलं सरकव. अ वाढला तशी वाटी अरुंद होत गेली, शून्यावर आल्यावर सपाट रेषा झाली आणि उणे झाल्याबरोबर वाटी पालथी पडली. पोरगी ओरडलीच, ‘आजोबा, उलटी झाली!’ मग स्वतःच म्हणाली की म्हणजे अ चं चिन्ह दिशा ठरवतं. हे वाक्य मुलांच्या तोंडून यावं म्हणून मी वर्गात किती खटपट करायचो. तीस वर्षांत माझ्या हातात हा स्लायडर असता तर किती मुलं गणिताला घाबरली नसती असं राहून राहून वाटतं.

*

मनगटाचं ऑपरेशन झालं तेव्हा गुगल डॉक्समध्ये बोलून टाइप केलं, क्रोममध्ये टूल्समध्ये ‘व्हॉइस टायपिंग’ आहे आणि भाषेत मराठी निवडता येते. विरामचिन्हं नंतर हातानेच टाकायला लागली, नावं चुकतात, पण दीडशे पानांचा अहवाल त्यावर पुरा केला. छापील पानाचा फोटो ड्राइव्हवर टाकून राइट क्लिक करून डॉक्सने उघडला तर त्यातला मजकूरही निघतो. जोडाक्षरं तपासून घ्या.

*

बाबांच्या सायकलच्या पानांबद्दल वाचलं आणि मला राहवेना. आपण गेल्यावर आपल्या खात्यांचं काय, हा विषय घरात काढला की लोक गप्प बसवतात. मी आजारपणातून उठल्यावर पहिलं काम केलं ते गुगलमधल्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’चं. किती दिवस खातं वापरलं नाही तर ते बंद समजायचं ते आपण ठरवतो, ३, ६, १२ किंवा १८ महिने. आणि मग कोणाला कळवायचं, १० जणांपर्यंत, आणि कोणाला काय द्यायचं तेही वेगवेगळं. मी मुलीला फोटो आणि भावाला कागदपत्रं असं ठेवलंय. मेल कोणालाच नाही. मुदत संपायच्या आधी आपल्याला मेसेज येतात त्यामुळे चुकून काही होत नाही. मुलीला सांगितलं तेव्हा ती चिडली, मग रडली, मग दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचंही भरलं.

*

धागा काढला तेव्हा वाटलं होतं पाच-सहा साइट्सची नावं मिळतील. काल रात्री वायफाय बंद करून मी रोज वापरते त्या सगळ्या साइट्सवर ती परीक्षा केली. फोटोपिआने फाइल उघडलीही आणि सेव्हही केली. ज्या साइटवर मी तीन वर्षं क्लायंटचे करार जोडत आलेय ती मात्र गोल गोल फिरत राहिली. आज सकाळी त्या क्लायंट्सना मेल लिहायला घेतलाय, की तुमचे कागद मी कुठून पाठवत होते आणि इथून पुढे तसं करणार नाही.

व्हीलमॅपवर माझ्या इमारतीची नोंद केली. लाल आली. रॅम्पचं सोसायटीत बोलते.