मातीच्या रांजणातली ड्राय पांढरी वाइन (आलेंतेजोची पद्धत): गोव्यात कितपत जमेल?

कुळागर
पोर्तुगालच्या आलेंतेजो प्रांतात मातीच्या रांजणात पांढरी वाइन करतात, तिला तिकडे ‘व्हिन्यु द ताल्या’ म्हणतात. द्राक्षं सालीसकट आंबवायची आणि ११ नोव्हेंबरला, सां मार्तीनच्या दिवशी रांजण उघडायचा, एवढी ढोबळ माहिती आहे. फोंड्याला २५ किलो द्राक्षांवर असा छोटा प्रयोग करायचा आहे. नाताळासाठी आपल्याकडे साखर, यीस्ट नि गहू घालून करतात तसली गोड वाइन नको, पूर्ण ड्राय हवी. विचारायचं आहे ते असं: रांजणाला आतून काय लावतात आणि इथे काय लावावं? साली इतके दिवस आत ठेवून वाइन कडू कशी होत नाही? नाशिकची साधी थॉमसन द्राक्षं चालतील का? आणि आपल्याकडे द्राक्षं येतात फेब्रुवारीत, त्या उकाड्याचं काय करायचं? डिचोलीचं कुंभारकामाचं मडकं आणि लोणच्याचा जुना बुयांव (आतून चकाकी दिलेली चिनीमातीची बरणी), दोन्ही घरात आहेत.

लाल चिरे
आधी मूळ पद्धत नीट सांगतो, कारण तिथली प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे ते कळलं की इथे काय ठेवायचं नि काय सोडायचं ते आपोआप ठरतं.

तिथले मोठे रांजण माणसाहून उंच असतात आणि हजार लिटरहून जास्त रस घेतात. विला द फ्रादिश, विदिगेइरा, कूबा या भागात ही पद्धत अजून चालू आहे आणि तिची मुळं थेट रोमन काळात जातात. पांढऱ्या द्राक्षांत आंताँव वाझ, रोपेइरो, आरिंतो, पेर्रुम अशा जाती मिसळून घेतात. घड लाकडी पट्ट्यांच्या मेजावर चोळून देठ वेगळे करतात. काही जण थोडे देठ मुद्दाम रांजणाच्या तळाशी घालतात, त्याचं कारण पुढे येईल. मग रस, साली, बिया असं सगळं एकत्र रांजणात. आंबायला लागलं की साली वर तरंगून जाड थर धरतात. हा थर दिवसातून निदान दोन-तीनदा लाकडी दांड्याने खाली दाबावाच लागतो. नाही दाबला तर खाली वायू कोंडतो आणि रांजण फुटतो. म्हणूनच जुन्या तळघरांची जमीन उतरती असते आणि उताराच्या टोकाला जमिनीत पुरलेलं एक भांडं असतं. रांजण फुटला तर वाइन वाहत जाऊन त्यात जमा होते.

आंबणं संपलं की साली हळूहळू तळाशी बसतात. रांजणाच्या खालच्या बाजूला भोक असतं, त्यात लाकडी तोटी ठोकतात. वाइन साली-देठांच्या थरातून झिरपत तोटीतून थेंबथेंब येते, म्हणजे गाळणी रांजणातच तयार झालेली असते. पहिली येते ती गढूळ, ती पुन्हा वरून ओततात. धार स्वच्छ झाली की मगच प्यायला घेतात. ११ नोव्हेंबरची तारीख आता निव्वळ रिवाज राहिलेली नाही. २०१० पासून या वाइनला नियमांनी संरक्षित नाव आहे आणि ते लावायचं तर त्या दिवसापर्यंत वाइन सालींवरच असावी लागते.

कडूपणाचं म्हणाल तर बियांतला आणि देठांतला तुरटपणा वाइनमध्ये उतरतोच, तो त्या वाइनचा भागच आहे. पण सप्टेंबरमध्ये भरलेल्या रांजणात साली महिना-दीड महिन्यात खाली बसतात, त्यांना रोज कोणी ढवळत नाही आणि थंडी पडू लागते. सतत ढवळणं आणि उकाडा असे दोन्ही एकत्र आले की तुरट चव कडू होते. तुमच्याकडे नेमकं तेच होईल.

आंबट द्राक्ष
लेपाबद्दल लिहितो. बिनलेपाचं मातीचं भांडं सच्छिद्र असतं, वाइन पाझरते आणि बाहेरची हवा आत येते. तिथे रांजण विस्तवावर उलटा धरून तापवतात, चीडाच्या राळेचा पातळ केलेला लेप आत ओततात आणि रांजण लोळवून सगळीकडे पसरवतात. काही जण त्यात मधमाश्यांचं मेणही घालतात. लेप जाड झाला तर वाइनला राळेची चव येते, पातळ राहिला तर गळते, आणि काही वर्षांनी तो पुन्हा द्यावाच लागतो.

इथे बाजारात राळ म्हणून जे मिळतं ते खाण्यायोग्य आहे की रंगकामासाठीचं, याची खात्री नसते. तो नाद सोडा. शुद्ध मधमाश्यांचं मेण घ्या, जॉर्जियातल्या जमिनीत पुरलेल्या रांजणांनाही तेच लावतात. मेणबत्तीचं मेण नको. ३० लिटरच्या मडक्याला साधारण पाव किलो पुरतं. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, ते थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यातल्या भांड्यात वितळवा. मडकं निखाऱ्यांवर उलटं धरून हळूहळू तापवा. हात टेकवता येणार नाही इतकं, ७०-८० अंशांपर्यंत, तापलं पाहिजे. थंड मडक्याला मेण लावलं तर ते वरवर गोठतं, मातीत शिरत नाही आणि आंबताना पापुद्रे सुटतात. घाईने तापवलं तर मडक्याला तडा जातो. लेप झाल्यावर पाणी भरून ४८ तास ठेवा. बाहेरून ओल दिसली तर पुन्हा तापवून दुसरा हात द्या.

पण मडकं आणि बुयांव यांत निवड असेल तर पहिल्या खेपेला बुयांवच घ्या. लेपाची कटकट नाही आणि धुवायला सोपा. दोन गोष्टी मात्र तपासा. जुना असेल तर आतल्या चकाकीला बारीक चिरा आहेत का पाहा, कारण त्यांत जुन्या लोणच्याचं तेल-मीठ मुरलेलं असतं आणि ते धुऊन जात नाही. दुसरं, जुन्या चकाकीत शिसं असू शकतं आणि वाइनचं आम्ल ते खेचून घेतं. खात्री नसेल तर तो बुयांव मिठासाठी राहू द्या आणि खाद्यपदार्थांसाठीची नवी बरणी आणा. व्हिनेगर कधीही ठेवलेलं भांडं घेऊच नका.

लाल चिरे
आता द्राक्षं. थॉमसनची साल पातळ आणि बिया नाहीत. त्यामुळे साली खाली बसून जो थर बनायला हवा तो बनत नाही, सगळ्याचा लगदा होतो आणि तोटी तुंबते. शिवाय बाजारातली द्राक्षं खायच्या हिशेबाने तोडलेली असतात, आम्ल कमी आणि चवीला सपाट. नाशिककडच्या बागायतदाराकडून वाइनची शेनँ ब्लाँ मिळाली तर निम्मं काम झालं. काढणी जानेवारी ते मार्च, रात्रीच्या गाडीने मागवा आणि आल्या आल्या थंड जागी ठेवा.

थॉमसनच वापरायची असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजायची तरंगती नळी, हवाच. १८ ब्रिक्सच्या (म्हणजे साधारण १८ टक्के साखरेच्या) रसाची घनता १.०७४ च्या आसपास भरते, तिच्यातून जेमतेम १० टक्के अल्कोहोल होतं. १२ टक्क्यांसाठी लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम साखर घाला, त्यापुढे नाही. नाताळची वाइन गोड राहते त्याचं कारणच हे: द्राक्षांइतकी साखर घातल्यावर यीस्टला ती संपवताच येत नाही. टार्टारिक ॲसिड लिटरमागे १ ते १.५ ग्रॅम घालून पीएच ३.३-३.४ वर आणा. लिंबू पिळू नका, त्यातल्या सायट्रिक आम्लाचं काही जिवाणू व्हिनेगरच्या आम्लात रूपांतर करतात.

नको ते जंतू रोखायला २५ किलो ठेचलेल्या द्राक्षांना पोटॅशियम मेटाबायसल्फाइट सव्वा ग्रॅम पुरे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एवढं मोजता येत नाही, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घ्या. दुसऱ्या दिवशी वाइनचं यीस्ट ५-६ ग्रॅम, त्याच्या दहापट ३५-४० अंश कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून. पावाचं यीस्ट नको, ते लवकर दमतं आणि तळाशी नीट बसत नाही. भांडं पाऊण भरा, सालींचा थर चढायला जागा लागते. ३० लिटरच्या भांड्यात २५ किलो बरोबर मावतात आणि शेवटी १५-१६ लिटर वाइन हाती येते.

मांडवीकाठ
उकाड्याचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून वेगळा लिहिते. आलेंतेजोत रांजणावर पाणी ओततात, ओली फडकी गुंडाळतात. तिथली सप्टेंबरची हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि रांजण निवतो. गोव्यात फेब्रुवारी-मार्चमध्येही हवा दमट, ओल्या फडक्याने दोन-चार अंशांपलीकडे फरक पडत नाही. दुसऱ्या बाजूने एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. हजार लिटरचा रांजण आतली उष्णता धरून ठेवतो, तुमचे २०-२५ लिटर ती लगेच बाहेर टाकतात. म्हणून भांडं मोठ्या प्लास्टिकच्या टबात ठेवा, टबात अर्ध्या उंचीपर्यंत पाणी, आणि सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या दोन-तीन बाटल्या बदला. रसात थर्मामीटर बुडवून २२ ते २६ अंश राखा. ३० पर्यंत गेलं तर सुगंध उडतो, ३५ च्या वर यीस्ट थांबतं आणि मग वाइन अर्धवट गोड राहून आंबूस होते. खोली तळमजल्यावरची, चिऱ्याच्या भिंतींची, उत्तरेकडची असेल तर उत्तम.

छोट्या भांड्याचा तोटाही तेवढाच आहे. वाइनच्या मानाने हवेला लागणारा पृष्ठभाग मोठा पडतो. तिथे आंबणं संपल्यावर वाइनवर ऑलिव्ह तेलाचा थर देतात. इथल्या उष्णतेत ते तेल खवट होईल आणि सगळ्या वाइनला वास लागेल, म्हणून तेल नकोच. त्यापेक्षा साली लवकर काढा: १० ते १४ दिवस, पुढे नाही. घनता १.००० खाली आली की गाळा, हलकेच पिळा, काचेच्या मोठ्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच) लावा. ०.९९२-०.९९५ वर आकडा आठवडाभर हलला नाही की ड्राय झाली समजा. अकरा नोव्हेंबरचा हट्ट धरू नका, ती तारीख तिथल्या थंडीशी बांधलेली आहे.

आणि घरात माडाच्या सुरेचं व्हिनेगर मुरत असेल तर वाइन त्या खोलीत अजिबात नको. बारीक माश्या एका भांड्यावरून दुसऱ्यावर बसतात आणि जिवाणू सोबत नेतात. तोंडाला पातळ मलमलचं कापड दोन पदरी घट्ट बांधा.

कुळागर
खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. लेप आणि थंडावा दोन्ही समजलं, बुयांवच घेते. दोन शंका उरल्या. आंबताना काही बिघडतंय हे ओळखायचं कसं? आणि काजूच्या नीऱ्याची (बोंडांच्या रसाची) अशीच ड्राय वाइन होईल का?

आंबट द्राक्ष
नाकाने कळतं. सडक्या अंड्याचा वास आला तर यीस्टला खाद्य कमी पडलंय. एक तृतीयांश साखर संपली की डायअमोनियम फॉस्फेट (यीस्टचं खाद्य) लिटरमागे ०.२ ग्रॅम घातलं तर बहुधा हा वास येतच नाही. आलाच तर जोरात ढवळून हवा द्या. नखांचा रंग काढायच्या द्रवासारखा वास म्हणजे हवा आणि उष्णता जास्त झाली आहे. तो एकदा बसला की जात नाही, लगेच थंड करून साली काढा. घनता १.०१० च्या आसपास दोन दिवस अडकली तर आधी तापमान बघा, मग ताजं यीस्ट थोड्या रसात जागं करून घाला. पृष्ठभागावर पांढरी साय दिसली तर भांडं भरलेलं नाही, ती ढवळून आत मिसळू नका, अलगद काढा.

एक सावधगिरी: एक लिटर रसातून साधारण ५० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो जमिनीलगत साठतो. खिडकी उघडी ठेवा, भांड्यात डोकं घालून वास घेऊ नका, आणि त्या खोलीत लहान मूल किंवा कुत्रा जमिनीवर झोपवू नका.

नीऱ्यात साखर द्राक्षांपेक्षा कमी आणि तुरटपणा भरपूर. तो आधी जिलेटिनने किंवा साबुदाण्याच्या खळीने खाली बसवावा लागतो. साली ठेवायचा प्रश्नच नाही, त्यामुळे ही रांजणाची पद्धत तिथे लागू होत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा.

मांडवीकाठ
सुरू करण्याआधी घरगुती वाइनला परवाना लागतो का ते आबकारी कार्यालयात विचारून घ्या. इथे १९६४ चा अबकारी कायदा लागू आहे.

शेवटचं म्हणजे साठवण. दीड महिन्याने गाळावरून वाइन वेगळी करा, १५ लिटरला ०.७५ ग्रॅम मेटाबायसल्फाइट द्या आणि आणखी महिनाभराने बाटल्या भरा. एप्रिल-मेच्या उकाड्यात बाटल्या फ्रीजमध्ये किंवा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. पावसाळ्यात बुचांना बुरशी धरते, म्हणून स्क्रूची झाकणं बरी. रंग सोनेरीहून गडद, जवळजवळ मधासारखा येईल, ते बिघडल्याचं लक्षण नाही, सालींमुळे येतो. तपकिरी झाली आणि जुन्या सफरचंदाचा वास आला तर मात्र हवा लागली आहे. अति थंड न करता १४-१५ अंशांवर प्या, आणि सोबत तळलेली मासळी असू द्या. हिच्या तुरटपणाला तेल आणि मीठ दोन्ही मानवतात.