अपस्मार, 'इन्फर्मेशन प्रोसेसिंग' आणि पेशी 'फायर' होणे : मराठीत काय लिहावे?

मुठाकाठ : पुण्यातल्या एका रुग्णगटासाठी अपस्माराची माहितीपत्रिका मराठीत करते आहे. मूळ मुद्दा असा, की फिट येत नसतानाही मेंदूच्या पेशींचं 'इन्फर्मेशन प्रोसेसिंग' बदललेलं असतं. 'माहिती-संस्करण' लिहिलं तर वाचणाऱ्याला पुस्तकाची आवृत्ती आठवेल. आणि पेशी 'फायर' होते, याला काय लिहू?

वृक्षिका : शब्दाआधी क्रिया पाहा. एका चेतापेशीच्या वृक्षिकांवर, म्हणजे तिच्या फांद्यांसारख्या तंतूंवर, हजारो चेतासंधींमधून (दोन पेशींच्या जोडांमधून) संदेश येतात, काही चेतवणारे, काही आवरणारे. पेशी त्यांची बेरीज करते. एरवी आतला विद्युतदाब बाहेरच्या तुलनेत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तो उणे ५५ च्या जवळ आला की सुमारे १ मिलिसेकंदाचा विजेचा स्पंद सुटतो, हेच 'फायर' होणं. टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाच्या) अपस्माराच्या प्राण्यांवरील प्रयोगांत हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी संबंधित भागातल्या पेशींच्या वृक्षिकांमधला 'ए-प्रकारचा' म्हणून ओळखला जाणारा पोटॅशियमचा प्रवाह घटलेला दिसला. एरवी हाच प्रवाह बेरजेला लगाम घालतो. तो घटला की तेवढ्याच संदेशांना पेशी जास्त उत्तर देते. प्राणी ठरावीक जागी असतानाच स्पंद देणाऱ्या पेशींचा नेमकेपणाही अशा प्राण्यांत जातो, म्हणून दोन फिट्सच्या मधल्या काळातही स्मरणाला त्रास होतो. 'संस्करण' काय किंवा 'प्रक्रिया' काय, शब्द यातलं काहीच सांगत नाही. 'पेशी संदेशांची बेरीज चुकीची करते' असं सरळ लिहा.

देशी शब्द : 'फायर होते'ला 'चेतते' घ्या. चूल चेतते, चेतासंस्था शाळेच्या पुस्तकात आहेच. 'उत्तेजित' मात्र नको. 'उत्तेजित होऊ नका' हे रागाबद्दल म्हणतात, घरचे रुग्णाच्या स्वभावाला दोष देतील.

संहितावाचक : चेतासंस्थेतला 'चेता' चित् धातूचा, चुलीशी त्याचा संबंध कशाला? तसंच 'अपस्मार' घ्या. त्यात 'स्मृ' आहे, चरकानेही स्मृती आणि बुद्धी बिघडण्यावरच बोट ठेवलंय. हा शब्द सोडू नका.

देशी शब्द : व्युत्पत्ती काहीही असो, लोक 'चेतणे' कसं वापरतात ते महत्त्वाचं. आणि घरोघरी 'अपस्मार' कोण म्हणतं? फेफरं, आकडी, फिट.

वृक्षिका : 'चेतते' म्हटलं की पेटून राहते असं वाटतं. स्पंद क्षणात संपतो, निरोगी पेशीही तो देत असते. फिट म्हणजे असंख्य पेशी एकाच तालात स्पंद देऊ लागणं. 'स्पंद देते' हेच बरं.

मुठाकाठ : मग फिटला 'झटका' चालेल?

वृक्षिका : नाही. लोक पक्षाघात, हृदयविकार समजतील. शिवाय काही फिट्समध्ये अंग आखडतच नाही, मूल काही सेकंद नुसतं टक लावून बघतं. 'आकडी'लाही तीच अडचण. एक फिट म्हणजे अपस्मार नव्हे, हेही स्पष्ट हवं. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत तात्कालिक कारणाशिवाय, २४ तासांहून जास्त अंतराने आलेल्या दोन फिट्स लागतात, किंवा एकच, पण पुन्हा येण्याचा धोका मोठा असलेली. म्हणून घटनेला 'फिट', आजाराला 'अपस्मार'.

संहितावाचक : 'फिट' इंग्रजी. 'आवेग' लिहा.

देशी शब्द : 'आवेग' वाचून भावनेचा आवेग वाटेल. पत्रिकेत खाली 'कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, फिट ५ मिनिटांहून लांबली तर १०८ ला फोन करा' असं असणार. तिथे 'आवेग ५ मिनिटांहून लांबला तर' वाचून कोण फोन उचलेल?

संहितावाचक : पहिल्यांदा कंसात 'फिट' द्या, मग रुळेल.